कुबेराचे पुष्पक आणि क्लबाचे पुष्पक

रामायणातील पुष्पक विमान आपल्या घराघरांत ठाऊक आहे. ब्रह्मदेवाने ते कुबेरास दिले, रावणाने ते त्याच्यापासून बळाने हिरावून घेतले, आणि लंकाविजयानंतर अयोध्येस पोहोचताच श्रीरामचंद्रांनी ते त्याच्या मूळ धन्याकडे परत पाठविले. पस्तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात ही कथा मी अनेक वेळा वर्गात सांगितली असेन. परंतु तिच्यातील एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. स्वतःच्या मालकीचे विमान कोणाकडे असावे, असा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला तेव्हा त्यांनी ते प्रत्यक्ष देवांच्या खजिनदाराच्या दारी बांधले. कुबेराखेरीज ही हौस दुसऱ्या कोणास परवडावी, ही कल्पनाच त्यांना शिवली नाही.

आपणही आजवर तसेच समजत आलो, आणि त्या समजुतीचा एक दोष माझ्या पदरी आहे. तो आधी सांगतो. मग इतिहासाकडे वळू.

सन २००८ मध्ये आपल्या मंडळाच्या शिक्षणसाह्य समितीपुढे एक अर्ज आला. अर्जदार एकवीस वर्षांचा, वडील लेथवर काम करणारे, आणि मुलगा स्वतः मोटारी दुरुस्त करीत असे. त्याला विमान चालविण्याच्या खाजगी परवान्यासाठी मंडळाकडून थोडे साह्य हवे होते. 'याने नोकरी लागेल काय?' असा प्रश्न आम्ही विचारला. मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, 'नाही गुरुजी. खाजगी परवान्यावर भाडे घेऊन कोणास नेता येत नाही. मला स्वतःला उडायला शिकायचे आहे, एवढेच.' त्यावर 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण त्या मुलास ऐकविणारा सभासद मीच होतो. अर्ज नामंजूर झाला.

सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हा या छोट्या विमानांचा इतिहास मी थोडाफार वाचला. जे हाती लागले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

पतंगाचा जन्म

हौसेखातर स्वतःचे छोटे विमान बाळगणारा पहिला नामांकित गृहस्थ म्हणजे आल्बेर्तो सांतोस द्युमाँ. तो ब्राझिलमधील एका कॉफीच्या मळेवाल्याचा मुलगा, राहणे पॅरिसला. १९०३ साली तो आपले लहानसे वायुयान राहत्या घरासमोरच्या रस्त्यावर उतरवीत असे व वर जाऊन कॉफी घेत असे. पुढे १९०७ ते १९०९ या काळात त्याने बांबू व रेशमी कापड वापरून 'द्मोआझेल' नावाचे एक चिमुकले विमान तयार केले. एवढ्यावर तो थांबला असता तर त्याची गणना कुबेराच्या वंशजांत झाली असती. परंतु त्याने त्या विमानाचे एकस्व घेतले नाही, आणि त्याचे आराखडे ज्यास हवे त्यास खुले केले. १९१० साली ते एका अमेरिकन मासिकात छापूनही आले. श्रीमंत माणसाच्या हौसेतून लोकांच्या उपयोगाची वस्तू कशी निर्माण होते, याचे हे पहिले उदाहरण होय.

तथापि सामान्य माणसाच्या आवाक्यात यावे असे विमान निघण्यास पहिले महायुद्ध संपावे लागले. युद्धानंतर इंग्लंडात विमानांच्या इंजिनांचे ढीग पडून होते. ती इंजिने फार मोठी, फार खादाड. जॉफ्री डी हॅविलंड या विमानकर्त्यास लहान, स्वस्त व भरवशाचे इंजिन हवे होते. फ्रँक हाल्फर्ड नावाच्या अभियंत्याने त्यावर जी युक्ती योजली ती आपल्या गृहिणींनाही पटेल. त्याने आठ नळकांड्यांचे जुने रेनॉ इंजिन घेतले आणि त्याचे अर्धे भाग वापरून चार नळकांड्यांचे, साठ अश्वशक्तीचे नवे इंजिन उभे केले. मोठे धोतर फाटले की त्याचे दोन पंचे होतात, तसाच हा प्रकार! या इंजिनावर चालणारे दोन आसनांचे विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळील स्टॅग लेन येथून प्रथम उडाले. डी हॅविलंडला पतंग व फुलपाखरे यांचा अभ्यास करण्याचा छंद होता. या विमानाचे पंखही पतंगासारखे मागे मिटत असत. म्हणून त्याने त्यास 'मॉथ', म्हणजे पतंग, हे नाव दिले.

पंख मिटण्याची ही सोय वरवर क्षुल्लक वाटेल. पण खाजगी मालकीच्या दृष्टीने सारे मर्म तिच्यातच होते. विमान विकत घेणे एक वेळ सोपे, ते ठेवणे अवघड. पंख मिटले की मॉथ मोटारीच्या मागे बांधून रस्त्याने नेता येई, आणि लहानशा छपराखाली ठेवता येई. तीन वर्षांनी तिला शंभर अश्वशक्तीचे 'जिप्सी' इंजिन मिळाले आणि 'जिप्सी मॉथ' हे नाव जगभर झाले.

क्लबाची युक्ती

स्वस्त झाले तरी विमान हे विमानच. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या वेतनात ते बसणारे नव्हते. मॉथ निघाली त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने काही फ्लाइंग क्लबांना अर्थसाह्य देण्याचे ठरविले. विमान क्लबाचे, शिक्षक क्लबाचा, देखरेख क्लबाची. सभासदाने वर्गणी भरावी आणि जितका वेळ उडेल तितक्या वेळाचे पैसे मोजावेत, अशी ही व्यवस्था होती. आपल्याकडे लग्नकार्यासाठी मंडळाची भांडी आळीपाळीने वापरतात, त्यातलेच हे तत्त्व. प्रत्येकाने शंभर पानांची भांडी घरी घेऊन ठेवावीत असे कोणी म्हणत नाही.

या व्यवस्थेचे फळ पाहावयाचे असेल तर अॅमी जॉन्सन हिचे चरित्र पाहावे. ती हल या बंदराच्या गावातील एका मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी, आणि लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करणारी. तिने क्लबात उड्डाण शिकून घेतले. शिवाय हँगरमध्ये तेलकट कपड्यांत राबून विमान दुरुस्तीचा सरकारी परवानाही मिळविला. वडील आणि तेलाचे एक धनाढ्य व्यापारी यांनी साह्य केले, तेव्हा तिने एक जुनी, वापरलेली जिप्सी मॉथ घेतली. त्यापूर्वीचे तिचे सर्वांत लांबचे उड्डाण म्हणजे लंडनहून आपल्या गावापर्यंत. तरीही ५ मे १९३० रोजी ती एकटी ऑस्ट्रेलियास निघाली व २४ मे रोजी डार्विन येथे पोहोचली. वाटेत आपल्या झाशीस तिला लष्कराच्या मैदानावर अवचित उतरावे लागले. ज्या नगरीत एका मराठी राणीने घोड्यावरून पराक्रम केला, त्याच नगरीत पाऊणशे वर्षांनी एक टंकलेखिका विमानातून उतरली. तिचे ते विमान आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

भारतातील उमेद

हिंदुस्थानातही १९२८ च्या सुमारास मुंबई, कराची, दिल्ली व कलकत्ता येथे सरकारी साह्याने क्लब निघाले. मुंबईच्या क्लबाचे ठाणे जुहू येथे होते. तेथेच जे. आर. डी. टाटा शिकले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी पाचशे पौंडांचे एक पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास, कोणत्याही दिशेने, जो भारतीय एकटा व ठराविक मुदतीच्या आत प्रथम पुरा करील त्यास ते मिळावयाचे होते. तिघे पुढे सरले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग यांनी इंग्लंडहून प्रयत्न केला. ते कराचीस पोहोचलेही, पण ठरलेली मुदत उलटून गेली होती. दुसरे टाटा, ते कराचीहून इंग्लंडकडे निघाले. तिसरा आस्पी इंजिनियर हा अवघा सतरा वर्षांचा मुलगा. तो इंग्लंडहून कराचीकडे येत होता.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे टाटांना हा मुलगा खोळंबून बसलेला आढळला. त्याच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवा होता, आणि त्याच्यापाशी तो नव्हता. एवढ्याशा वस्तूवाचून सारे अडले होते. टाटा प्रतिस्पर्धी; त्यांनी नमस्कार करून पुढे जावयाचे ठरविले असते तरी नियमाचा भंग झाला नसता. त्यांनी आपल्याजवळचा राखीव प्लग काढून दिला. मुलाने कृतज्ञतेने आपले पाण्यावर तरंगणारे जाकीट त्यांना दिले. दोघे आपापल्या दिशेने उडाले. ११ मे १९३० रोजी आस्पी कराचीस उतरला आणि पारितोषिक त्याचे झाले. टाटा मागाहून इंग्लंडला पोहोचले.

ही हकीगत मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. टाटा हरले, असे कोणी म्हणेल काय? हरलेल्या गृहस्थांनी दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, कराचीहून टपाल घेऊन 'पस मॉथ' नावाचे तसलेच एक छोटे विमान जुहूस आणले. भारतीय विमान कंपनीच्या प्रवासाचा आरंभ तो हाच. आणि जिंकलेला मुलगा पुढे वायुदलात शिरला व १९६० ते १९६४ या काळात भारतीय वायुदलाचा प्रमुख होता. एका प्लगने देशाला एक वायुदलप्रमुख दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु योग्य वेळी मिळालेली लहानशी मदत माणसाला कोठवर नेते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. टाटांची हौस अखेरपर्यंत टिकली. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तीच कराची–मुंबई वाट 'लेपर्ड मॉथ' या छोट्या विमानातून पुन्हा आक्रमिली.

भगिनीवर्गाने असे समजू नये की हा केवळ पुरुषांचा खेळ होता. १९३६ साली लाहोरच्या क्लबात सरला ठकराल यांनी एकविसाव्या वर्षी साडी नेसून मॉथ चालविली व परवाना मिळविला. त्या वेळी त्यांना चार वर्षांची मुलगी होती.

पुष्पक पुन्हा अवतरले

स्वातंत्र्यानंतर प्रश्न निर्माण झाला की, परदेशी विमानांवर किती काळ विसंबावयाचे? येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो, आणि तो अभिमानाचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर येथे १९०८ साली जन्मलेले विष्णु माधव घाटगे हे जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञापाशी शिकले. परत आल्यावर बेंगळूर येथे त्यांनी विमानविद्या शिकविली, आणि तेथील हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात विमानांची रचना केली. त्यांच्या हातचे 'एचटी-२' हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले. १९५८ साली फ्लाइंग क्लबांसाठी मुद्दाम तयार केलेले दोन आसनांचे दुसरे विमान उडाले. त्याचे पंख माथ्यावर, इंजिन नव्वद अश्वशक्तीचे, अंगावर कापडाचे आवरण. अशी सुमारे दीडशे विमाने तयार होऊन देशभरच्या क्लबांत गेली.

त्या विमानास नाव काय दिले? पुष्पक!

नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते ते मला ठाऊक नाही. परंतु कुबेराच्या दारचे पुष्पक क्लबाच्या दारी आले, वर्गणी भरणाऱ्या कोणाही सभासदाचे झाले, ही गोष्ट मला रामायणाच्या उत्तरकांडाइतकीच मोलाची वाटते.

परदेशांत ही हौस आणखी फोफावली. अमेरिकेत 'पायपर कब' हे पिवळे विमान १९३८ ते १९४७ या काळात सुमारे वीस हजारांच्या संख्येने तयार झाले. १९५५ साली प्रथम उडालेले चार आसनांचे 'सेसना १७२' आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक निघाले आहे. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान जगात झालेले नाही. मात्र तेथेही उतार आला. अपघातांनंतरच्या दाव्यांत नुकसानभरपाईचा बोजा इतका वाढला की १९८६ साली सेसना कंपनीने ही छोटी विमाने करणेच थांबविले. जुन्या विमानांबद्दल दावे लावण्यास मुदत घालणारा कायदा १९९४ साली झाला, त्यानंतर ते काम पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात अनेक हौशी लोकांनी गॅरेजमध्ये स्वतःच विमाने बांधली. आपल्या मुंबईतही कांदिवली येथे अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली.

हौसेची शिस्त

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे; नाहीतर हे लेखन एकांगी होईल. विमान हे उभे असले तरी खाते. हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी, ठराविक तासांनंतर इंजिन संपूर्ण उघडून करावी लागणारी दुरुस्ती, हे खर्च उडा अथवा न उडा, चुकत नाहीत. म्हणूनच जगभर चार-पाच मित्र मिळून एक विमान घेतात, किंवा क्लबाचे वापरतात. आणि पैशापेक्षाही कठोर म्हणजे आकाशाचा न्याय. जोधपूरचे तरुण महाराज हणवंतसिंह २६ जानेवारी १९५२ रोजी स्वतः विमान चालवीत असता पत्नीसह अपघातात मरण पावले. अॅमी जॉन्सनही १९४१ च्या युद्धकाळात विमान पोहोचवीत असता टेम्स नदीच्या मुखाशी गेली. आकाश राजा आणि टंकलेखिका यांत भेद करीत नाही.

म्हणूनच या छंदाची शिस्त पाहून माझ्यातील शिक्षक थक्क होतो. उड्डाणापूर्वी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो. प्रत्येक बिजागरी हाताने हलवून पाहतो. टाकीतील पेट्रोल काचेच्या नळीत काढून त्यात पाणी उतरले आहे काय ते तपासतो. इंजिनास दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात; जमीन सोडण्यापूर्वी एकेक बंद करून दुसरा चालतो की नाही याची खात्री करतो. ही यादी तोंडपाठ असली तरी कागदावर पाहून वाचावयाची, असा दंडक आहे. आणि परत आल्यावर लॉगबुकात तारीख, वेळ, ठिकाण यांची नोंद करावयाची. जो तास उडाला नाही तो लिहावयाचा नाही. आपल्याकडे खाजगी परवान्यास सतरा वर्षे वय, दहावीची परीक्षा, वैद्यकीय दाखला आणि किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते. इतक्या काटेकोरपणे स्वतःची नोंद ठेवावयास शिकविणारी दुसरी पाठशाळा मी पाहिली नाही. या विद्येस आम्ही समितीत 'नुसती हौस' म्हटले होते.

शेवटचे दोन शब्द

गेल्या वर्षी तो अर्जदार मला एका लग्नकार्यात भेटला. आता त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, दोन मुले आहेत. मी विचारल्यावरून त्याने सांगितले की, नामंजुरीनंतर त्याने स्वतःच्या कमाईतून काही वर्षे शिक्षण चालविले. बावीस तास झाले, आणि मग वडिलांचे आजारपण आले. राहिलेले अठरा तास राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. देवघराच्या वरच्या फळीवरून त्याने लॉगबुक काढून दाखविले. त्यास ब्राउन कागदाचे वेष्टन होते, शाळेच्या वहीला घालतात तसे. शेवटच्या नोंदीखाली पुष्कळ पाने कोरी होती. त्याने माझ्याविषयी एक अक्षरही वावगे काढले नाही. त्यामुळेच मला ते अधिक जड गेले.

त्या मुलास मंडळाने सारा खर्च द्यावयास हवा होता, असे माझे म्हणणे नाही. मंडळाचा निधी गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी आहे, आणि तो प्रथम त्यांनाच मिळावा. परंतु तो मुलगा सगळे मागत नव्हताच. तो राखीव प्लगाएवढेच मागत होता. टाटांनी वाळवंटात प्रतिस्पर्ध्यास जे दिले, ते आम्ही सभागृहात बसून आपल्याच मुलास देऊ शकलो नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे मी एक सूचना मांडणार आहे. शिक्षणनिधीस हात न लावता, स्वेच्छेच्या वर्गणीतून एक लहानसा स्वतंत्र निधी असावा. पोटाच्या विद्येपलीकडे काही कष्टाची विद्या शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना त्यातून साह्य द्यावे. मग ती विद्या विमानाची असो, गिर्यारोहणाची असो वा सतारीची असो. अर्धा भार अर्जदाराने स्वतः उचललेला असावा, आणि लॉगबुकाप्रमाणे त्याने प्रामाणिक हिशेब ठेवावा, एवढ्याच अटी असाव्यात. निधीचा आरंभ म्हणून माझे एका महिन्याचे निवृत्तिवेतन मी देत आहे. आणि त्यातील पहिले साह्य, त्या गॅरेजवाल्या बंधूची इच्छा असेल तर, राहिलेल्या अठरा तासांसाठी त्यास विचारावे, अशी माझी विनंती आहे. त्याचे वय अजून चाळिशीच्या आत आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आजही खरेच आहे. परंतु आपल्या आयाबायांनी चार घरचे तुकडे जोडून गोधडी शिवली, तेव्हा अंथरूण लांब झाले, हेही तितकेच खरे. मंडळे असतात ती याचसाठी.